चटका न बसणारे पाय

आमच्या बंदरावर माझ्या पायांचं फार कौतुक होतं. मे महिन्यात वाळू अशी तापते की जवळा वाळत घालायला गेलेल्या बायका उड्या मारत परत येतात. कुणी गोणपाटावर उभी राहते, कुणी चपलेवर पाणी ओतून घेते. मी मात्र भर उन्हात अनवाणी उभी राहून जवळा हलवायची आणि वरून त्यांनाच टोमणे मारायची, "अगो, नखरे कसले करताय? वाळूच आहे, निखारे नाहीत!" बायका म्हणायच्या, "शेवंतीचे पाय लोखंडाचे गो बाय!" मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मी मुद्दाम टळटळीत दुपारी जायची.

मी शेवंती, केळशीची. माझे मालक दत्ताराम आमच्या होडीवर तांडेल आहेत, म्हणजे समुद्रात त्यांचा शब्द शेवटचा. घरात कुणाचा शेवटचा ते पुढे कळेलच. मीसुद्धा त्यांना तांडेलच म्हणते. हे सगळं लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की तुमच्यापैकी कुणाला शुगर असेल आणि वाळू भाजत नसेल, तर कृपा करून मिरवू नका. माझे पाय मजबूत नव्हते, ते बधिर झाले होते.

शिंगाळ्याचा काटा

शुगर मला होतीच. दापोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या. मी त्या सणासुदीला नवी साडी नेसावी तशा घ्यायची, आठवण झाली की. चहात साखर नाही घातली की झालं, असा माझा समज.

एके दिवशी मासळी निवडून घरी आले तर सून निकिता ओरडली, "आई, थांबा तिथंच! लादीवर रक्त कुणाचं?" बघते तर दारापासून मोरीपर्यंत माझ्याच पावलांचे लाल ठसे. करंगळीच्या खाली शिंगाळ्याचा काटा आरपार घुसला होता. ज्यांनी शिंगाळा मासा पाहिला नाही त्यांना सांगते, त्याचा काटा लागला की दांडगा खलाशीसुद्धा आई आई करत लोळतो. आणि मी तो काटा पायात घेऊन बंदरावरून घरापर्यंत चालत आले होते!

तेव्हाच घाबरायला हवं होतं. मी काय केलं? काटा उपटला, हळद-चुना भरला आणि संध्याकाळी शेजारणींना सांगत सुटले, "शिंगाळासुद्धा माझ्यापुढं हरला गो!"

आठवड्याभरात पाय सुजला. ताप यायला लागला. घरात वास येत होता, पण आमचं मासळीचं घर. सून म्हणाली वाकट्या नीट वाळल्या नसतील, तांडेल म्हणाले जाळ्यात काहीतरी कुजलंय, आणि दोघांनी मिळून अख्खी पडवी धुऊन काढली. दुसऱ्या कुणाच्या घरात तो वास पहिल्याच दिवशी ओळखला असता. आमच्याकडे वासाला कोण विचारतो? शेवटी निकिता पट्टी बदलायला बसली, तिनं नाकाला पदर लावला आणि रडत म्हणाली, "आई, वास वाकट्यांचा नाही. तुमचा आहे."

मिशनचा दवाखाना

दापोलीच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि खुर्चीतून उठलेच. मुंबई गाठेपर्यंत उशीर होईल, म्हणाले, डोंगराकडच्या मिशनच्या दवाखान्यात न्या, तिथं सर्जन आहेत, आजच न्या.

माझे दीर पांडुरंग, पांडू भावजी, बरोबर आले होते. ते दारातच अडले. "पाद्र्याच्या दवाखान्यात? वैनीला बाटवतील तिकडं! गोळीबरोबर काय खायला देतील काय भरवसा?"

मी तापानं फणफणले होते तरी म्हटलं, "भावजी, बाटवायला आधी मी जिवंत राहायला हवी ना?" तांडेलांनी सरळ रिक्षा बोलावली. पांडू भावजी रागानं एस.टी. पकडून गावाला निघून गेले.

दवाखाना म्हणजे कौलारू इमारती, मधे आंब्याची झाडं, एका बाजूला नातेवाइकांना रांधायला चुली. तिथल्या सिस्टर सलोमी नगरकडच्या. बोलणं ऐकून मला आधी वाटलं बाई भांडत्येय. मग कळलं, प्रेमानंच बोलत्येय, तिकडची पद्धत तशी आहे. तिनं एक काडीला लावलेला जाड नायलॉनचा धागा आणला आणि म्हणाली, "मावशे, डोळे मिट. तळपायाला टेकवलं की हो म्हणायचं."

मी डोळे मिटले. वाट बघितली. बाहेर कावळा ओरडत होता, कुणीतरी कळशी घासत होतं. मी कंटाळून म्हटलं, "टेकव की गो, किती वेळ?"

मी डोळे उघडले तर धागा माझ्या टाचेवर टेकलेला, आणि इतका दाबलेला की वाकला होता. "समद्या जागी टेकवून झालं, मावशे," ती म्हणाली. "दोन्ही पायांना."

त्या क्षणी मी जितकी घाबरले तितकी सबंध आजारपणात परत घाबरले नाही. दुखलं असतं तर चाललं असतं. माझेच पाय, मला न सांगता निघून गेले होते. डोक्यावर टोपली घेऊन आयुष्यभर चाललेली बाई मी. पाय गेले तर मी बंदरावर काय रांगत जाऊ? मी पदर तोंडात कोंबून रडले. तांडेल खाटेच्या कडेला बसून माझा चांगला पाय चेपत राहिले. चेपलेलं मला कळत नव्हतं, पण मी त्यांना ते सांगितलं नाही.

देवीचा कौल

डॉक्टर सॅम्युअल तमिळनाडूचे. मराठी मोडकं, पण गोलगोल बोलायची सवय नाही. "दोन बोट गेली. आज काढली तर पाय राहील. उद्या-परवा केली तर इथून," आणि त्यांनी गुडघ्यावर आडवा हात ठेवला.

माझी तयारी होती. अडलं ते तांडेलांचं. आमच्यात घर बांधायचं, होडी पाण्यात लोटायची, लग्न ठरवायचं, काहीही असो, आधी गावच्या देवीला कौल लावतात. पाषाणावर पाण्यानं कळ्या चिकटवायच्या, गुरवानं विचारायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तांडेल हात जोडून डॉक्टरांना म्हणाले, "अंगाचा भाग तोडायचा म्हणजे देवीची परवानगी पायजे साहेब. भाऊ गावात हाय. फोनवर विचारून घेतो."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. मला वाटलं आता हसतील किंवा ओरडतील. ते म्हणाले, "ठीक. पण तुमची देवी लवकर बोलेल काय?"

पांडू भावजी देवळात गेले. गुरवानं कळ्या लावल्या. आम्ही फोन स्पीकरवर ठेवून बसलो. अख्खा वॉर्ड कान देऊन. शेजारच्या खाटेवर डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी होती, सोनूबाय, तीसुद्धा उठून बसली. पलीकडून नुसती घंटा ऐकू येत होती. डॉक्टर घड्याळ बघून जात, परत येत. मग पांडू भावजींचा आवाज आला, "दादा, कळ्या हलतच नायत. उजवी नाय नि डावी नाय. गुरव म्हणतो सांजच्याला परत लावू. तोवर पायाला हात लावू देऊ नको!"

तांडेलांचा चेहरा पडला. वादळात होडी काढणारा माणूस, पण कौल नाही म्हणजे त्यांचं पाऊल पुढे पडेना. "सांजपर्यंत थांबूया काय?" त्यांनी मला विचारलं.

माझं डोकंच फिरलं. मी फोन हिसकावून घेतला. "पांडू भावजी, ऐका. लग्न होऊन आल्यापासून मी तिची ओटी भरत्येय. तिला नको असतं तर तिनं डावी टाकली असती. ती काय तुम्हाला भिते? गप्प बसली म्हणजे तिनं माझ्यावर सोडलंय. पाय माझा, बोटं माझी. आणि माझा कौल उजवा!"

पलीकडून गुरवाचा आवाज आला, "वैनीचं बरोबर हाय."

मी सही केली. सिस्टर सलोमी म्हणाली, "आमच्यात ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करत्यात मावशे. चालंल ना? नको असंल तर मनातच करू."

मी तांडेलांकडे बघितलं. त्यांनी डोक्याची टोपी नीट केली, उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची करा. पण आधी आमचं गाऱ्हाणं होऊ दे." आणि वॉर्डाच्या मधोमध, सलाइनच्या स्टँडाशेजारी उभं राहून त्यांनी शिमग्यात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं:

"बा देवी महाराजा! आज तुजं लेकरू परक्या छपराखाली पडलाय..."

"होय महाराजा!" सोनूबाय ओरडली. गाऱ्हाणं ऐकलं की होय म्हणायचं, हे डोंगरातल्या माणसालाही शिकवावं लागत नाही.

"ह्या डाक्टराच्या हाताला यश दे..."

"होय महाराजा!" आता सगळा वॉर्ड. ज्यांना उठता येत नव्हतं ते पडल्या पडल्या.

"दोन बोटांवर भागव, जास्त मागू नको..."

"होय महाराजा!"

"आनि ह्यांच्या येशूबाबाशी तुजी वळख असंल, तर त्याच्याही कानावर घाल..."

"होय महाराजा!"

शेवटच्या होयमध्ये डॉक्टरांचाही आवाज होता. सिस्टर सलोमी डोळे पुसत म्हणाली, "आमेन. आता मी येगळं काय मागू?" तरी तिनं दोन ओळींची प्रार्थना केलीच. मला मुळीच बाटल्यासारखं वाटलं नाही. उलट वाटलं, दोघांकडून वशिला लागलाय, आता काम व्हायला हरकत नाही.

आरसा

पाय राहिला. बोटं गेली. हे दोन वाक्यांत लिहून झालं, पण पट्टी सोडायची वेळ आली की मी भिंतीकडे तोंड करायची. सिस्टरनं लाड केले नाहीत. तिनं एक हातआरसा आणून माझ्या तळपायाखाली धरला. "बघ. तुला कळत न्हाई तर डोळ्यानं बघायचं. रोज. तोंड धुतेस की न्हाई तसं."

मी बघितलं. जखम लाल होती, ओली होती, आणि बोटांच्या जागी काही नव्हतं. मला ओकारी आली. दुसऱ्या दिवशी आली नाही. पुढं पुढं तर मीच आरसा मागायला लागले. आज पाय कसा दिसतोय त्यावर सोनूबाय आणि मी गप्पा मारायचो, बायका साड्यांवर मारतात तशा.

घरी मात्र सगळं विस्कटलं होतं. मासळी वाळवायला निकिता एकटी. मुलगा मुंबईहून फोन करायचा आणि बापाला बोलायचा, इकडं का नाही आणलंत म्हणून. तांडेल ऐकून घ्यायचे नि चुलीकडं जायचे. होडीवरचा माणूस, रांधायला माझ्यापेक्षा चांगला, हे मी कबूल करत नाही पण खरं आहे. दर दोन-चार दिवसांनी निकिता एस.टी.नं बर्फातली मासळी पाठवायची आणि तांडेल तिचं तिखटाचं कालवण करायचे. वास सुटला की वॉर्डातल्या माना वळायच्या.

सोनूबायच्या पायाची जखम माझ्या आधीपासूनची, तरी भरत नव्हती. डॉक्टर रोज तिला विचारायचे, "आजी, काय खाल्ली?" ती रोज सांगायची, "पेज." सोबत कुणी नाही, आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भात-आमटी मिळायची तीच. अंडी, मासळी रोज सगळ्यांना पुरवणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं. बिलाचं तर ते ज्याला जमेल तसं घ्यायचे, मग उरणार काय? तांडेलांनी तिच्या ताटलीत बांगडा वाढायला सुरुवात केली. काही दिवसांनी पट्टी सोडताना सिस्टर ओरडली, "डॉक्टर, इकडं या! आजीची जखम गुलाबी झाली!" औषध तर होतंच म्हणा. पण तांडेल तेव्हापासून स्वतःला अर्धा डॉक्टर समजतात.

सगळ्यांच्या आधीचा वाटा

घरी आले ती दवाखान्यातच मापानं बनवलेली मऊ रबराची चप्पल घालून. अनवाणी चालायचं नाही, देवळातसुद्धा मोजे. टोपली डोक्यावर घ्यायची नाही. मी लिलावाला उभी राहते, आवाज तर कुणी कापला नाही ना माझा.

आमच्या होडीवर मासळी आली की वाटे पडतात. होडीचा, जाळ्यांचा, प्रत्येक खलाशाचा. पण सगळ्यांच्या आधी देवीचा काढतात. मी बरी होऊन पहिल्यांदा बंदरावर गेले त्या दिवशी तांडेलांनी देवीचा वाटा काढला आणि त्याच्या शेजारी आणखी एक टोपली ठेवली. "हा दवाखान्याचा," म्हणाले. "आठवड्यातनं एकदा."

पांडू भावजी आमच्याच होडीवर. ते ताडकन उठले. "देवीच्या शेजारी पाद्र्याचा वाटा? वैनीला त्यांच्याकडं नेलंस, आता त्यांना होडीवर पण घेणार? आमच्या घामाचा हाय तो!"

तांडेलांना भावाशी भांडता येत नाही. मी पुढं झाले. "भावजी, तुमच्या वाट्यातला नको. माझ्या घरच्या वाट्यातला काढा. ज्यांनी माझा पाय राखला ते गरिबांना पेज वाढतात नि मी इथं सुरमईचा भाव करू? मला घास गिळायचा नाही." एवढ्या लोकांत मी पहिल्यांदाच रडले असेन. मग एकेक खलाशी उठला आणि आपल्या वाट्यातली एकेक मासळी त्या टोपलीत टाकून गेला. पांडू भावजी तोंड फिरवून जाळं झाडत बसले.

तेव्हापासून पहिल्या एस.टी.नं टोपली जाते, दापोलीला गाडी बदलते. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते त्या दिवसांत सुकी जाते. कंडक्टर दर वेळी कुरकुरतो, "काकी, गाडीला वास येतो." पांडू भावजींनी मात्र त्या टोपलीला बोट लावलं नाही, आणि मला वैनी म्हणून हाकही मारली नाही.

हीर

सिस्टर सलोमीसारखा धागा आमच्याकडे कुठला? मी झाडूतली एक बारीक हीर घेतली, टोक दगडावर घासून बोथट केलं. शुगरवाल्या बायकांना बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि तळव्याला हलकेच टेकवायची. एवढ्यावर आजार ओळखता येत नाही, हे सिस्टरनं मला बजावलंय. कळलं नाही की दवाखान्यात जायचं, एवढंच माझं काम. बायका आधी हसल्या, "शेवंती डाक्टरीण झाली!" मी म्हटलं, हसा, पण पाय दाखवा. आता मासळी निवडून झाली की आपणहून येतात. कुणाला गुदगुल्या होऊन ती किंचाळली की मला किती बरं वाटतं काय सांगू.

परवा बायका गेल्यावर मी होडीच्या सावलीत बसले होते. पांडू भावजी आले. इकडं तिकडं बघितलं. "वैनी," म्हणाले. किती दिवसांनी! "जरा गंमत म्हणून माझा पाय बघतंस?"

"शुगर आहे तुम्हाला?"

"थोडी हाय. कुणाला सांगितलं नाय." ते वाळूत बसले. "आमचा पण तुझ्यासारखा लोखंडाचा हाय. परवा खिळा गेला, कळला पण नाय."

मी हीर उचलली आणि म्हटलं, "डोळे मिटा. टेकवलं की हो म्हणा."

त्यांनी डोळे मिटले. मी टाचेला हीर लावली. मग बोटांना. मग मधे. दाबली, वाकेपर्यंत दाबली.

"टेकव की गो वैनी," पांडू भावजी म्हणाले, "किती वेळ?"

जिभेवर बरंच काही येऊन बसलं होतं. बाटवतील म्हणालात, आमच्या घामाचा वाटा म्हणालात. सगळं गिळलं. त्यांचा पाय उचलून तळवा नीट बघितला. जखम होती, पण कोरडी, लहान. अजून वेळ गेली नव्हती.

"डोळे उघडा भावजी."

त्यांनी हीर कुठं आहे ते पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कौल लावायला हवा गो."

"लावा. आणि कळ्या गप्प बसल्या तर मला विचारा. उद्या पहिली गाडी."

"तिकडं गाऱ्हाणं कोण घालणार?"

"तांडेल आहेत की. आणि होय म्हणायला मी येत्येय."

सकाळी स्टँडवर मी टोपली उचलायला वाकले तर पांडू भावजींनी ती आधीच उचलली होती. गाडीत बसून मांडीवर घेतली, खालून गळणाऱ्या पाण्यानं लेंगा भिजला तरी सोडली नाही. कंडक्टर तिकीट फाडत आला आणि नेहमीसारखा नाक मुरडून म्हणाला, "ओ, वास येतो त्या टोपलीचा."

"वास कसला घेतोस मेल्या," पांडू भावजी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे कडाडले, "दवाखान्याचा वाटा हाय तो!"